पन्नाशीतले गाणे आणि विलंबित एकताल

पन्नाशीच्या उंबरठ्यावर शास्त्रीय गाणे शिकायला बसलेल्या माणसाला लोक कौतुकाने दोन गोष्टी हमखास सांगतात : वयाचा विचार करू नका आणि अपयशाला घाबरू नका. पहिला सल्ला मला पाळता आला. दुसरा कधीच जमला नाही आणि आता तो जमावा असे वाटतही नाही, कारण आपण नेमके कशाला घाबरतो याचा छडा लावल्यामुळेच माझा क्लास आजवर सुटलेला नाही.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मराठी घरांना परिचित आहेत. प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार अशा त्या चढत जातात. १९०१ साली विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि दरबारात व घराण्यांत राहिलेली विद्या सामान्य माणसाला वर्गात बसून शिकण्याची वाट मोकळी झाली. त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेले मंडळ आज या परीक्षा घेते. परीक्षा देऊन कोणी गवई होत नाही, असे जाणकार म्हणतात आणि ते खरेच आहे. पण माझ्यासारखीला परीक्षेचा लाभ वेगळा आहे. काय विचारले जाईल हे अभ्यासक्रमात छापलेले असते, त्यामुळे ‘आपल्याला गाणे जमणार नाही’ या धूसर धास्तीचे रूपांतर ‘अमुक एक गोष्ट अजून जमत नाही’ या साध्या वाक्यात होते.

माझ्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला, एकताल. मध्यमेच्या टप्प्यावर बडा ख्याल, म्हणजे संथ लयीत विस्ताराने गायची रचना, गळ्यात येऊ लागतो आणि तोवर सोळा मात्रांच्या त्रितालात सुखाने नांदणारा विद्यार्थी एकदम उघड्यावर पडतो. मात्रा, म्हणजे तालाचे ठोके, बाराच, पण लय इतकी संथ की एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पाऊण मिनिटाच्याही पुढे जाते. तेवढ्या अवकाशात आलाप भरायचा आणि मुखडा, म्हणजे बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, घेऊन समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, अचूक यायचे. मी सम चुकत होते आणि आपल्याला लयीची जाणच नाही अशी माझी समजूत होऊन बसली होती. एखाद्या संध्याकाळी तंबोऱ्याचे अ‍ॅप लावायलासुद्धा हात पुढे होत नसे.

ताईंनी (माझ्याहून त्या वयाने लहान आहेत, पण क्लासमध्ये सगळ्यांच्याच ताई) एक दिवस गाणे बाजूला ठेवून मला केवळ ठेका, म्हणजे तबल्यावर वाजणारे तालाचे ठरलेले बोल, ऐकायला बसवले. एकतालात ‘धागे तिरकिट’ हे बोल दोनदा येतात, तिसऱ्या-चौथ्या मात्रेवर आणि पुन्हा नवव्या-दहाव्या मात्रेवर. आलापात गुंतलेले मन चौथ्या मात्रेवरच्या तिरकिटालाच दहावीचे समजते आणि अर्धे आवर्तन आधीच मुखड्याकडे धावते. “अहो, तुमची लय शाबूत आहे, तुम्ही फक्त चुकीच्या तिरकिटावर विश्वास ठेवता,” असे त्या म्हणाल्या. त्यानंतर दुसऱ्या धागेच्या आधी येणारा ‘क त्ता’ कानात पक्का करणे, एवढाच माझा कित्येक दिवसांचा रियाज होता. समेची भीती पूर्ण गेली नाही, पण ती आता सातव्या-आठव्या मात्रेपुरती उरली आहे, आणि दोन मात्रांच्या भीतीपायी कोणी गाणे सोडून देत नाही.

लोकांसमोर गाण्याची भीती मात्र याहून चिवट असते. परीक्षा केंद्रावर शाळकरी मुली निवांत गप्पा मारत बसलेल्या असतात आणि त्यांच्या आयांच्या वयाची बाई वही उघडून आरोह-अवरोह पुटपुटत असते. त्यावर मला फारसा उपाय सापडलेला नाही. आपला क्रमांक आला की आत जायचे आणि काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा, षड्ज (सा) लावायचा, इतकेच.

धीर देण्यासाठी थोरामोठ्यांच्या कथा सांगण्याची आपल्याकडे रीत आहे आणि गाण्याच्या क्लासमध्ये थोर गायक कुमार गंधर्वांची कथा हटकून निघते. ऐन तारुण्यात त्यांना क्षय झाला, १९४८ मध्ये ते उपचारासाठी देवासला राहायला गेले आणि काही वर्षे त्यांना गाण्याची मनाई होती. पुढे एका फुप्फुसाच्या बळावर ते पुन्हा मैफलीत उतरले. या कथेचा शेवट आपल्या उपयोगाचा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तशी प्रतिभा लाभली तरच तसा शेवट होतो, आणि जे परतू शकले नाहीत त्यांच्या कथा कोणी सांगत नाही. मला त्यातला मधला भाग मोलाचा वाटतो. गाता येत नव्हते त्या काळात ते माळव्यातली लोकगीते ऐकत राहिले, आणि ते ऐकणे पुढे त्यांच्या गाण्यात उतरले. त्यांच्या आजारपणाशी माझ्या कंटाळ्याची तुलना करणे उद्धटपणाचे होईल. तरी गळा बसलेला असताना किंवा उमेद खचलेली असताना रियाजाची वेळ मोडायची नाही, त्या वेळेत निदान एक विलंबित ख्याल हातावर मात्रा मोजत ऐकायचा, हा शिरस्ता मी तिथून उचलला. अशाने गाण्याशी संबंध तुटत नाही आणि दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात करण्याचे दडपणही येत नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रासाठी मध्यमा पूर्णचा, म्हणजे मध्यमेच्या दुसऱ्या परीक्षेचा, फॉर्म भरला आहे. घरी साथीला तबलजी येऊ लागले आहेत. ठेका यंत्रातून येत असे तेव्हा चुकले की तो बंद करण्याची सोय होती. समोर बसलेल्या माणसाला असे मध्येच थांबवता येत नाही, त्यामुळे सम चुकली तरी पुढच्या आवर्तनात ती गाठावी लागते.