तारकर्ली: तिथी पाहून ठरवलेला एक निवांत दिवस

मालवणजवळच्या तारकर्लीला आम्ही यापूर्वी एकदा गेलो होतो, तेव्हा सकाळी सिंधुदुर्ग किल्ला, दुपारी पाण्यातले खेळ आणि संध्याकाळी देवबागचा संगम अशी एका दिवसात सगळी ठिकाणे उरकली होती. आईला त्या सहलीतले गाडीत बसून वाट पाहणे तेवढे आठवत होते. यंदा तिने सत्तरी पूर्ण केली आणि दिवसभर समुद्राकाठी बसायचे, कुठेही जायचे नाही, एवढी एकच इच्छा सांगितली. म्हणून माघ शुद्ध षष्ठीला आम्ही पुन्हा तारकर्लीला गेलो. ज्यांच्याबरोबर घरातील वडीलधारी माणसे असतील किंवा ज्यांना खरोखर विश्रांती हवी असेल, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

षष्ठीची निवड विचारपूर्वक केली होती. कोकणातील मच्छीमारांचा जुना हिशेब असा आहे, की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचारच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. हा हिशेब अंदाजाचा आहे आणि मालवणच्या बाजूला भरती याहून थोडी आधीही येते. तरीही दिवस आखण्यासाठी तो पुरेसा आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला कोरड्या, पाय रुतणाऱ्या वाळूत चालणे फार जड जाते, पण पाणी नुकतेच मागे सरकलेली ओली वाळू घट्ट असते आणि तिच्यावरून चालताना पायांना त्रास होत नाही. चतुर्थी ते षष्ठी या तिथींना सकाळी सात ते नऊ आणि पुन्हा सूर्यास्ताच्या वेळी पाणी उतरत असते, त्यामुळे फिरण्याच्या दोन्ही वेळांना अशी वाळू मिळते. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी जोराची, भरती असते आणि तेव्हा अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाइतकी पाण्याची ओढ नसते. निवास आरक्षित करण्यापूर्वी भाड्याइतकेच लक्ष पंचांगाकडे द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

मुंबईहून रात्रीच्या कोकणकन्या एक्सप्रेसने निघाल्यास सकाळी कुडाळला उतरता येते. तेथून मालवण तीसेक किलोमीटर आणि मालवणहून तारकर्ली आणखी सात-आठ किलोमीटर आहे. एसटीची सोय आहे, परंतु सामान आणि ज्येष्ठ व्यक्ती बरोबर असल्यास रिक्षा किंवा गाडी आधीच सांगून ठेवावी. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते आणि कोकणच्या गाड्या लवकर भरतात. आम्ही आदल्या दिवशीच पोहोचलो, कारण रात्रभरच्या प्रवासानंतरचा दिवस विश्रांतीचा म्हणून धरणे योग्य नव्हे. तारकर्लीत पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे, तसेच सुरूच्या आणि माडांच्या सावलीत अनेक खाजगी रिसॉर्ट आणि घरगुती निवास आहेत. आम्ही अशाच एका छोट्या रिसॉर्टमध्ये राहिलो. खोली समुद्राकडे तोंड करून असल्याचे फोनवर सांगण्यात आले होते, प्रत्यक्षात मात्र समोर कुंपणाची भिंत होती आणि किनारा दोन मिनिटांवर होता. खोलीच्या दारातून काढलेले छायाचित्र मागवून घेतले असते, तर हा गैरसमज झाला नसता. पायऱ्या किती आहेत आणि न्हाणीघरात धरायला कठडा आहे का, हेही त्याच वेळी विचारावे.

सकाळी सात वाजता आम्ही किनाऱ्यावर आलो, तेव्हा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता आणि पाणी जवळजवळ तलावासारखे शांत होते. आईने चपला हातात घेतल्या आणि ओल्या वाळूवरून देवबागच्या दिशेने चालायला सुरुवात केली. खेकड्यांनी बिळांभोवती मांडलेल्या वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी ती वाकून पाहत होती. पुढे रापण ओढण्याचे काम चालू होते. होडीतून अर्धवर्तुळाकार टाकलेल्या लांब जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून दोन रांगांनी ओढली जातात, आणि जाळे जवळ येईपर्यंत कोणालाही घाई नसते. आईनेही दोराला पाचेक मिनिटे हात लावला. जाळ्यात बांगडे होते. निघताना एका काकींनी त्यांतले चार आमच्या हातात ठेवले आणि पैसे घेतले नाहीत. रापण पाहायला जाणाऱ्यांनी दोर ओलांडू नये आणि छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे, एवढे भान राखले की ही माणसे मनापासून बोलतात.

समुद्रात उतरायचे असल्यास सकाळची वेळ चांगली, मात्र कमरेपेक्षा खोल पाण्यात जाऊ नये. ज्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत आणि पाणी गढूळ दिसते, तो पट्टा शांत वाटला तरी तेथे पाणी आत ओढणारा प्रवाह असू शकतो. त्यात सापडल्यास थेट किनाऱ्याकडे झगडत न येता किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावे. कर्ली नदी जेथे समुद्राला मिळते, त्या संगमाजवळ पोहू नये.

दहानंतर ऊन चढू लागते, आणि अकरा ते चार हा काळ किनाऱ्यावर काढण्यासारखा नाही. आम्ही सुरूच्या बनात खुर्च्या टाकल्या. माडाखाली बसू नये, नारळ आणि झावळ्या केव्हाही पडतात. सुरूतून वारा जाताना जो आवाज येतो, तो ऐकत आई तासभर काहीही न बोलता बसून होती. दुपारच्या जेवणाचे सकाळीच सांगावे लागते, कारण मासे त्यानंतर आणले जातात. आमच्याकडचे बांगडे स्वयंपाकघरात दिले, तर त्यांचे तिरफळ घातलेले तिखले झाले. सोबत भात आणि सोलकढी होती. आई शाकाहारी आहे. तिच्यासाठी ओल्या काजूची उसळ आणि आंबोळ्या केल्या होत्या, आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळात येणाऱ्या शाकाहारी मंडळींनी ही उसळ आवर्जून मागावी. त्यानंतर आम्ही दोघेही झोपलो.

चार वाजता पुन्हा बाहेर आलो, तेव्हा खारे वारे सुरू झाले होते आणि लाटांना जोर आला होता. आईने पाण्याजवळ खुर्ची मांडताच शेजारच्या शहाळेवाल्याने सांगितले, "भरती येतली, जरा मागे बसा." दहा मिनिटांनी पाणी खरोखरच पहिल्या जागेपर्यंत आले. साडेसहाच्या सुमारास सूर्य समुद्रात बुडाला, आणि माथ्यावरून थोडी पश्चिमेकडे कललेली षष्ठीची कोर तेव्हाच उजळू लागली. पाणी उतरत होते. आम्ही पुन्हा ओल्या वाळूवरून अर्धा तास चाललो.

पुढे जाणाऱ्यांसाठी आणखी थोडे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि पाण्यातले खेळ व किल्ल्याची होडी बंद असते. फोनचे नेटवर्क कधी कधी जाते, म्हणून थोडी रोकड, बॅटरी आणि नेहमीची औषधे जवळ ठेवावीत. किल्ला पाहायचा असेल तर त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा. परतताना मालवणच्या बाजारात खाजे आणि आमसुले घेता येतात.

कृष्ण पक्षातल्या षष्ठीला भरतीच्या वेळा जवळपास याच असतात, पण चंद्र रात्री उशिरा उगवतो, त्यामुळे संध्याकाळनंतर किनाऱ्यावर चांदणे नसते आणि तारे भरपूर दिसतात. हे कळल्यावर आईने गाडीतच दिनदर्शिका काढली आणि पुढच्या खेपेसाठी कार्तिक वद्य षष्ठीवर पेनाने खूण केली.