तीनच्या आत उगाबचं फाटक

नामिबियाच्या स्केलेटन कोस्टवरून गाडीने वर जायचं तर दुपारचे तीन ही वेळ डोक्यात ठेवावी लागते. या किनाऱ्यावरच्या राष्ट्रीय उद्यानात तीनच्या आत उगाबच्या फाटकातून शिरायचं आणि त्याच दिवशी स्प्रिंगबॉकवासरच्या फाटकातून बाहेर पडायचं. नुसतं पार जायचं असेल तर परवाना फाटकावरच मिळतो. हे सगळं ठाऊक असूनही आम्ही स्वाकोपमुंडहून निघालो ते साडेनऊला.

बाहेर धुकं. बेंग्वेला प्रवाहाचं पाणी गार, त्यामुळे वाळवंट असूनही किनाऱ्यावर वायपर चालू. रस्ता मिठाचा, म्हणजे जिप्सम आणि खारं पाणी दाबून केलेला. कोरडा असला की डांबरी वाटतो, ओला झाला की शेवाळलेली पायरी. पन्नासच्या वर जायची छाती होईना. २००८ साली वाळूत रुतलेलं झेइला जहाज धुक्यात जेमतेम दिसलं.

हेंटीस बे या गावी टाकी फुल केली. (पुढच्या पंपांच्या भरवशावर राहू नये.) पुढे रस्त्याकडेला टेबलांवर मिठाचे खडे मांडलेले, शेजारी पैशांचा डबा, माणूस कुणी नाही. मी उरणचा, मिठागरं बघत वाढलेला. मीठ विकत घ्यायची लाजच वाटली, तरी दोन खडे घेतले.

केप क्रॉसला वेळ गेला. १४८६ मध्ये दिओगो कांव या पोर्तुगीज दर्यावर्द्याने इथे दगडी क्रूस उभारला. मूळ क्रूस १८९३ मध्ये जर्मनांनी नेला, आता आहे ती प्रतिकृती. पण क्रूस बघतो कोण! समोर हजारो सील, भांडताहेत, ओरडताहेत, पिल्लं आयांना शोधताहेत. आणि तो वास! सुकत घातलेल्या बोंबलांची सवय असलेलं माझं नाकही हरलं.

"अरे, घड्याळ बघ," बायको म्हणाली. सव्वा वाजला होता.

पावणेतीनला फाटक. त्यावर कवटी आणि हाडं रंगवलेली. वहीत नाव, गाडीचा नंबर, परवाना, झालं. घाई संपली असं वाटलं तोच आत पंक्चर. भाड्याच्या गाडीत स्टेपन्या दोन, पण पहिलीत हवाच नाही. नट इतके आवळलेले की पान्यावर उभं राहून उड्या माराव्या लागल्या. पाऊण तासात एकही गाडी गेली नाही.

स्प्रिंगबॉकवासरला उजेड असतानाच पोचलो. पहारेकऱ्याने परवाना बघितला, माझे काळे हात बघितले आणि काही न विचारता दांडा वर केला. खिडकीशी वाकला तेव्हा मात्र त्याने नाक मुरडलं. सीलचा वास अजून आमच्या कपड्यांना होता.