केळ, दादर, कपाशी, कांदा: पेशीच्या कडेला काय चालतं

यावेळी लांब कुठे गेलो नाही, शेतात जे उभंय तेच स्लाइडवर घेतलं, केळ, दादर (म्हणजे आपली रब्बी ज्वारी), कपाशी आणि घरातला लाल कांदा. मायक्रोस्कोप तोच जुना, फोटो मोबाईलने. केंद्रक आणि हरितलवकं सगळेच बघतात हो, पेशीच्या भिंतीला कोणी विचारत नाही, म्हणून या खेपेला नुसत्या कडाच बघायच्या असं ठरवलं.

नवीन मंडळींनी कांद्यापासूनच सुरू करा आणि लालच घ्या, पांढऱ्यात आतलं पाणी दिसतच नाही. पाकळीच्या बाहेरच्या अंगाचा जांभळा पापुद्रा काढला, एका बाजूने मिठाचं पाणी सोडलं, दुसऱ्या बाजूला टिश्यू लावून ओढून घेतलं. बघता बघता रंग आक्रसून मधे गोळा झाला, भिंत मात्र जागची हलली नाही. भिंत आणि पेशीपटल, म्हणजे भिंतीच्या आतला पातळ पडदा, वेगळं हे इथे डोळ्याला पटतं: भिंतीतून पाणीही जातं, मीठही जातं, पटल मात्र पाणी सोडतं पण मीठ आणि रंग सहजासहजी सोडत नाही. साधं पाणी परत दिलं की बऱ्याच पेशी फुगून पुन्हा भिंतीला टेकतात. फार वेळ मिठात राहिल्या तर रंग गळून पसरतो, म्हणजे पटल गेलं समजा. रॉबर्ट हुकने 1665 साली बुचात पाहिल्या त्या तर नुसत्या रिकाम्या भिंतीच होत्या.

केळीचं पान. पालथ्या बाजूला पांढरट मेण असतं, ते ओल्या कापसाने पुसून मग नेलपॉलिश लावा, वाळलं की सेलोटेपने उचला, ठसा बरा येतो. पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, बहुतेक खालच्याच अंगाला, आणि छिद्राच्या दोन्ही अंगाच्या रक्षकपेशी वालाच्या दाण्यासारख्या. दादरच्या पानात दोन्हीकडे रंध्रं, सरळ ओळीत, आणि रक्षकपेशी टोकांना फुगीर, मधे बारीक. काम दोघींचं तेच, पोटॅशियम आत घ्यायचं, मागोमाग पाणी येतं, पेशी फुगते, पण भिंत सगळीकडे सारखी ताणली जात नाही म्हणून मधे फट उघडते. भिंतीची ठेवण काढून घेतली तर नुसता फुगा होईल. मे महिन्यात रावेर-यावलकडे दुपारी केळीची पानं शिरेच्या दोन्ही अंगाला खाली मिटलेली दिसतात ना, तिथेही शिरेलगतच्या पेशींतलं पाणी कमी होऊन ताण गेलेला असतो.

पण खरी मजा कपाशीत, भो. बोंडातला एक तंतू म्हणजे एकच पेशी, सरकीच्या सालीवरची, लांबी अडीच-तीन सेंटिमीटर आणि जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. आधी नुसती लांब वाढते, मग आतल्या बाजूने सेल्युलोजचे, म्हणजे भिंत ज्याची बनते त्या पदार्थाचे, थर चढत जातात, आणि बोंड फुटून वाळलं की आतलं जिवंत सगळं संपून पोकळ भिंत तेवढी चपटी होऊन पिळा खाते. त्या पिळ्यामुळेच सूत कातताना तंतू एकमेकांना धरतात. म्हणजे मंडीत आपण जे विकतो ती पेशींची भिंतच. मी पिकलेल्या बोंडातला आणि कोवळ्या फोडलेल्या बोंडातला तंतू शेजारी ठेवून पाहिला, कोवळ्याची भिंत अगदी पातळ आणि पिळे फार थोडे. असा कच्चा कापूस रंगही नीट घेत नाही.

आता जुन्या कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरची पोलरायझर फिल्म (एकाच दिशेने थरथरणारा उजेड सोडणारी) काढलीय, एक तुकडा स्लाइडखाली आणि एक वर, आडवा-उभा. मागचं सगळं काळं होतं आणि कापसाचे तंतू चमकतात, स्लाइड कशीही फिरवली तरी पूर्ण विझत नाहीत, कारण सेल्युलोजचे धागे भिंतीत नागमोडी वळसे घेतात आणि मधेमधे दिशा बदलतात. फोटोत अजून ते नीट येत नाहीय, मोबाईल आपोआप उजेड वाढवतो, कोणी मॅन्युअलवर काढत असेल तर सेटिंग सांगा. पुढे भरताच्या वांग्याच्या पानावरची चांदणीसारखी लव घेतो.