कात्रीने वळवलेली लाट

टी.वाय.च्या मुलांना बेलोसोव-झाबोटिन्स्की ही आपोआप रंगांच्या लाटा उठवणारी अभिक्रिया दाखवायची म्हटलं की पेट्री डिश निघते. सल्फ्युरिक आम्ल, सोडियम ब्रोमेट, मॅलोनिक आम्ल, थोडं ब्रोमाइड आणि लालचा निळा होणारा दर्शक, फेरोइन. पातळ थर स्थिर ठेवला की लालवर निळी वर्तुळं उमटून पसरत जातात. मुलं मोबाइल काढतात, जर्नलमध्ये आकृती येते, प्रॅक्टिकल संपतं. मला हे कायम अपुरं वाटत आलंय. भांडं गोल आणि मोकळं असलं की सगळं श्रेय रसायनांना जातं, आकाराचा विचार कुणाच्या मनातही येत नाही.

म्हणून यंदा द्रावण फिल्टर पेपरमध्ये मुरवलं. लाट भिजलेल्या कागदाबाहेर जाऊ शकत नाही, त्यामुळे कात्री चालेल तसा तिचा रस्ता. 1995 मध्ये स्टाइनबॉक, तोथ आणि शोवॉल्टर या संशोधकांनी अशाच पातळ पटलात भुलभुलैया कापून लाटांकडून सर्वांत जवळची वाट शोधून घेतली होती. आमच्याकडे कात्री, चांदीची तार आणि झाकायला काचा, एवढंच होतं.

एका मुलीने कागदाचं कडं कापलं. भिजलेल्या कड्याला चांदीच्या तारेचं टोक लावलं. लाटेला रोखून धरणारं तिथलं ब्रोमाइड चांदी काढून घेते आणि लाट सुटते. निळी रेघ उमटली आणि लगेच दोन झाल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. पुढची कड धारदार, मागची बाजू विरत जाणारी. मिनिटाला काही मिलिमीटर, म्हणजे बघणाऱ्याला धीर हवा. दोघी कड्याच्या पलीकडच्या बाजूला समोरासमोर आल्या, भिडल्या आणि नाहीशा झाल्या. एकमेकींतून पार होणं त्यांना शक्यच नव्हतं. वेताळ टेकडीवर वणवा लागला तर जळलेल्या गवतावरून तो परत फिरत नाही, तसंच इथे आहे. लाट गेली की मागचा भाग सावरेपर्यंत पुन्हा पेटत नाही.

मग मी कडं एका जागी कापलं, टोकं जराशी दूर सरकवली आणि चिरेच्या अगदी शेजारी तार लावली. आता लाटेला एकच दिशा उरली. ती अर्धं कडं ओलांडून गेल्यावर चिमट्याने टोकं पुन्हा एकावर एक दाबली. लाट जोडाशी आली, पलीकडे गेली आणि फिरतच राहिली. समोरून विझवायला कुणी नाही, आणि फेरी पूर्ण होईपर्यंत पुढचा कागद सावरलेला. द्रावण तेच, कागद तोच. आधीच्या न कापलेल्या कड्यात जी विझली, तिला आता थांबायला कारणच नव्हतं. वर्गात इतकी शांतता मी क्वचित पाहिलीय.

आमचे लॅबचे मामा बाटल्या आवरायचं सोडून टेबलाशी आले होते. बराच वेळ बघून म्हणाले, “मॅडम, माझ्या छातीत हेच होत होतं का? डॉक्टरांनी कागदावर असंच गोल काढून दाखवलं होतं.”

मामांवर पूर्वी ॲब्लेशन, म्हणजे हृदयातला विजेचा चुकीचा रस्ता डागून तोडण्याची प्रक्रिया झालीय, हे मला माहीत होतं. होय, हेच. ॲट्रियल फ्लटर नावाच्या विकारात विजेची लाट सहसा उजव्या कर्णिकेत, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात, तिथल्या त्रिदली झडपेभोवती फिरत बसते. झडपेचं भोक मधोमध असल्यामुळेच तिला गोल रस्ता मिळतो. झडप आणि शरीराच्या खालच्या भागातलं रक्त आणणाऱ्या अधोमहाशिरेचं तोंड यांच्यामधल्या अरुंद पट्टीवर डॉक्टर कॅथेटरने डागांची रेघ ओढतात, आणि रस्ता तुटतो. शरीरक्रियाशास्त्रज्ञ माइन्स यांनी 1913 च्या सुमारास कासवाच्या हृदयाची कडी कापून अशी फिरती लाट दाखवली होती. स्नायूचं रसायन आणि आमच्या बीकरमधलं रसायन यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण पेटणं, शेजाऱ्याला पेटवणं आणि मग काही काळ न पेटणं, एवढं जिथे असेल तिथे कड्याचा नियम लागू होतो. मला ही गोष्ट विलक्षण वाटते, आणि ती मुलांना पाठ्यपुस्तकातून कधी पोचवता आली नव्हती.

“मग तोडू का?” मामांनी विचारलं. मी कात्री त्यांच्या हातात दिली. त्यांनी लाटेच्या बरंच पुढे कडं कापलं आणि टोकं बाजूला केली. लाट चिरेपर्यंत आली आणि तिथेच संपली. मामा म्हणाले, “बरोबर. माझंही असंच एकदम थांबलं.”

तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला. डिशमध्ये भोक नसतानाही सर्पिल फिरतात, ते कसे? प्रश्न रास्त होता. डिश हलवून लाट तोडली की तिचं मोकळं टोक स्वतःभोवती वळतं, आणि तेच सर्पिलाचं केंद्र होतं. त्याला भोकाची गरज नसते आणि फेरीचा वेळ द्रावण ठरवतं. पण सर्पिल मोठ्या भोकाला चिकटला की वेळ भोकाच्या घेराप्रमाणे वाढतो. पुढच्या बॅचला पंचिंग मशीन आणि वेगवेगळ्या व्यासांची भोकं देणार आहे. आलेख मुलांनीच काढायचा.