वॉटरफॉल प्रोजेक्ट आणि आमची जोखमींची यादी

फोंडा तालुक्यातल्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आम्ही वॉटरफॉल पद्धतीनं केलं. हौसेनं नव्हे, करारच तसा होता: आधी गरजांच्या दस्तऐवजावर सह्या, मग डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग, आणि टप्प्यागणिक पैसे.

या पद्धतीची गोम अशी, की चालतं सॉफ्टवेअर दिसतं ते अगदी शेवटी. तोवर रिपोर्टमध्ये सगळं हिरवंगार. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ विन्स्टन रॉइस यांनी १९७० मध्ये हे टप्पे मांडले तेव्हाच टेस्टिंग शेवटी येणं धोक्याचं म्हटलं होतं आणि आधी एक छोटी प्रायोगिक आवृत्ती करून बघा असं सुचवलं होतं. आकृती तेवढी सगळ्यांनी उचलली!

म्हणून आम्ही जोखमींची यादी ठेवली, एक्सेलमध्येच. शक्यता पाचपैकी, परिणाम पाचपैकी, दोन्हींचा गुणाकार. पुढे जबाबदार माणसाचं नाव. तिथे कुणी 'टीम' लिहिलं की आमच्या मॅनेजर बाई तो रकाना पुसून टाकायच्या.

सर्वांत वर होता जुना डेटा. इंग्रजीत भरलेल्या नावांत नाईक कुठे 'के'नं संपणारा, कुठे पोर्तुगीज वळणाचा 'क्यू-यू-ई'वाला. प्लॅनप्रमाणे डेटा भरायचा तो कोडिंग संपल्यावर. आम्ही गरजांवर सह्या होताच एका शाखेचा डेटा रिकाम्या डेटाबेसमध्ये ओतून पाहिला. न जुळणाऱ्या नोंदींचा ढीग निघाला. संस्थेच्या हेडक्लार्क बाई जुनी लेजरं घेऊन शेजारी बसल्या. "हा बोरीचा, तो शिरोड्याचा. एक करू नका हां!" लगेच डिझाइनमध्ये पर्यायी स्पेलिंगचा रकाना आला, आणि क्लार्कनं बघितल्याशिवाय दोन खाती एकत्र करायची नाहीत असा नियमही. कोडिंगनंतर हेच करायचं तर फॉर्म, रिपोर्ट, टेस्ट सगळंच उसवावं लागलं असतं.

संस्थेकडून मध्येच येणाऱ्या मागण्यांचं फार सांगण्यासारखं नाही. प्रत्येक बदल लेखी, पुढे खर्च आणि लागणारे दिवस. निम्म्या मागण्या तिथेच विरल्या.

सॉफ्टवेअर सुरू करायची तारीख मात्र ऐन चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या तोंडावर होती. चवथीत गोव्यात ऑफिसात कोण सापडणार? सहामाही हिशेब ३० सप्टेंबरला बंद होतात, म्हणून तारीख त्यापुढे नेली आणि काही काळ जुनं-नवं दोन्ही चालवलं. तेव्हा व्याजात पैशांचा फरक दिसला: जुनं दर महिन्याला पूर्णांक करायचं, नवं शेवटी एकदाच. यादीत नवी ओळ आली. पूर्णांक कधी करायचा हा धोरणाचा प्रश्न, म्हणून मॅनेजर बाईंनी त्यापुढे थेट चेअरमनचं नाव टाकलं. पुढच्याच बैठकीत ठराव झाला.