जग सहा वेळा संपवायचं असेल तर

जग एकदाच संपवायचं असेल तर ते सोपं आहे. धूर सोडायचा, दिवे घालवायचे, कुणीतरी किंचाळायचं, टाळ्या. पण दहा-दहा मिनिटांची सहा नाटुकली आणि प्रत्येकात जगबुडी, असा प्रयोग बांधायला घेतला की अडचण भलतीकडेच निघते. संपलेलं जग चाळीस सेकंदांत झाडून-पुसून पुन्हा उभं करायचं असतं, तेही पाच-सहा नटांचा संच, प्रकाश आणि ध्वनीला एकेक माणूस आणि विंगेत एक बॅकस्टेजवाला एवढ्याच बळावर. पुण्यातल्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत पहिल्या रांगेतला प्रेक्षक नटापासून हाताच्या अंतरावर असतो. दादरच्या छबिलदास शाळेतल्या प्रयोगांच्या दिवसांपासून, म्हणजे १९७४पासून, मराठी प्रायोगिक नाटक अशाच जागांत वाढलं. तिथे भव्य काही करता येत नाही आणि खोटं काही लपत नाही.

आधी संहिता. दहा मिनिटांचं नाटुकलं म्हणजे हजार शब्द. नट मोकळेपणी बोलला तर मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द जातात, उरलेली दोन मिनिटं हालचाल आणि शांतता खाते. एकांकिका स्पर्धांतून आलेला लेखक चाळीस मिनिटांचा ऐवज त्यात कोंबतो आणि पहिली चार मिनिटं प्रलय समजावून सांगण्यात घालवतो. रेडिओ लावणं हा तर सगळ्यात शिळा उपाय. ‘आत्ताच हाती आलेल्या वृत्तानुसार’ कानावर पडलं की प्रेक्षक मागे टेकून बसतो. कारण सांगूच नये. दूधवाला आला नाही, समोरच्या इमारतीतही कुणाकडे आला नाही, एवढं पुरतं.

विषय शोधायला मंगळावर जायची गरज नाही. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं आणि नदीकाठचं पुणं वाहून गेलं. त्यानंतर सातच महिन्यांत, फेब्रुवारी १९६२मध्ये, अष्टग्रहीमुळे, म्हणजे आठ ग्रह एका राशीत आल्यामुळे, जग बुडणार म्हणून देशभर यज्ञ झाले. तीन ते पाच फेब्रुवारी गेले, काहीच झालं नाही. सहा तारखेच्या सकाळी, ज्याने उधारी बुडवून ठेवली होती तो माणूस वाण्यासमोर कसा गेला असेल? हे एक नाटुकलं झालं. ११ जुलै १९७९ला स्कायलॅब ही अमेरिकेची अवकाश प्रयोगशाळा पडली तेव्हाही आपल्याकडे लोकांच्या पोटात गोळा होता. ती पडली पश्चिम ऑस्ट्रेलियात, आणि तिथल्या एस्परन्सच्या स्थानिक प्रशासनाने नासाला कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलर दंड लावला. हे लेखकाने सुचवलं असतं तर दिग्दर्शकाने अतिशयोक्ती म्हणून कापलं असतं. सहापैकी दोन नाटुकल्यांत तरी असं हसू हवं. सलग तीन गंभीर जगबुड्या झाल्या की चौथीला प्रेक्षक घड्याळ बघतो.

आता क्रम. तो आशयावरून ठरवावासा वाटतो, पण ठरतो घाणीवरून. आधी कोरडी नाटुकली, मग धूळ-राखेचं, सगळ्यात शेवटी पाण्याचं. राखेआधी पाणी सांडलं तर चिखल होतो, आणि काळ्या रंगवलेल्या लाकडी लेव्हलवर (चौथऱ्यावर) चिखल म्हणजे घसरलेला नट. शिकागोचा निओ-फ्युचरिस्ट्स हा संच १९८८पासून साठ मिनिटांत तीस नाटकं करत आलाय. दोरीवर आकडे टांगलेले असतात, प्रेक्षक ओरडतील तो आकडा पुढचं नाटक. कल्पना झकास आहे आणि आपल्याकडे तिची नक्कलही करावीशी वाटते, पण मग राख आणि पाणी दोन्ही विसरायचं. त्यांच्याकडून घ्यावी ती गोष्ट वेगळी: चेंजओव्हर, म्हणजे दोन नाटुकल्यांमधली सामानाची हलवाहलव, लपवायचा नाही. उजेडात, प्रेक्षकांसमोर, पण बसवलेला. कुणी काय उचलायचं, कुठल्या विंगेतून न्यायचं, कुणी कुणाच्या मागून जायचं, हे नाचासारखं पाठ हवं. सहा नाटुकल्यांमध्ये पाच चेंजओव्हर येतात. प्रत्येक तालमीत ते स्टॉपवॉच लावून करावेत. पहिल्या दिवशी दोन मिनिटं लागतात, दहाव्या दिवशी पस्तीस सेकंद. न बसवलेला चेंजओव्हर प्रयोगाच्या दिवशी तीन मिनिटं खातो, म्हणजे पंधरा मिनिटं वाया, म्हणजे दीड नाटुकलं.

सामान कमी असलं की हे जमतं. चार ठोकळे (दीड फूट बाय दीड फूट, उंचीही तेवढीच), एक दार नसलेली चौकट, दोन चादरी. कपड्यांना मुळात राखाडी किंवा कोरा सुती जोड आणि भूमिकेगणिक एकच वस्तू: टोपी, एप्रन, चष्मा. ठोकळ्यांच्या जागा जमिनीवर रेडियम टेपच्या बोटभर तुकड्यांनी दाखवायच्या, प्रत्येक नाटुकल्याला वेगळा आकार. सहा नाटुकल्यांच्या सगळ्या खुणा एकाच आकारात लावल्या की अंधारात आकाशगंगा दिसते आणि ठोकळा भलत्याच ताऱ्यावर जातो.

अंधाराबद्दल थोडं सविस्तर, कारण या विषयात शेवट बहुतेक वेळा अंधारातच होतो आणि तो हमखास बिघडतो. एलईडी पार (‘पार’ म्हणजे स्टेजचा डब्यासारखा दिवा) मंद करत आणताना तीन-चार टक्क्यांपर्यंत नीट येतो आणि मग टपकन विझतो. जगाचा शेवट असा स्विच बंद केल्यासारखा दिसतो. उपाय जुना आहे. चाळीस किंवा साठ वॅटचा साधा तारेचा बल्ब मधोमध टांगायचा आणि सगळे एलईडी आधी घालवून शेवटचा फेड, म्हणजे उजेड हळूहळू उतरवणं, त्याच्यावर करायचा. तार थंड होताना पिवळी, नारिंगी, मग गडद लाल होते. वीस सेकंदांचा फेड दिला तर शेवटचे चार सेकंद फक्त ती लाल रेघ दिसते आणि प्रेक्षक श्वास धरतात. इथे एक खोच आहे: डिमरच्या (उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) चॅनेलवर एकटा चाळीसचा बल्ब लावला तर तो फडफडतो किंवा पूर्ण विझतच नाही, कारण डिमरला इतका कमी लोड झेपत नाही. त्याच चॅनेलवर पाचशे वॅटचा हॅलोजन समांतर जोडून तो विंगेत भिंतीकडे तोंड करून ठेवायचा, पडद्यापासून लांब. त्याला डमी लोड म्हणतात. तो चांगलाच तापतो, त्यामुळे त्याच्याजवळ प्रॉपर्टीचं, म्हणजे नाटकातल्या वस्तूंचं, टेबल नको.

जुने हजार वॅटचे पार वापरत असाल तर वायरिंगकडे बघा. २३० व्होल्टवर एक पार सव्वाचार अँपिअरहून थोडा जास्त घेतो. पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर तीन, चौथा नाही. शाळेच्या हॉलमध्ये सहा पार एकाच पॉइंटवर लावून जग खरोखरच वेळेआधी संपतं.

ब्लॅकआउट झाल्यावर पहिले दहा सेकंद प्रेक्षकांना काही दिसत नाही. अर्ध्या मिनिटाने आकार दिसू लागतात. म्हणजे चेंजओव्हर उजेडात असला तरी शेवटच्या अंधारात काही लपवायचं असेल तर ते पहिल्या दहा सेकंदांत. मात्र त्याच दहा सेकंदांत नटही आंधळे असतात, कारण ते आत्ताच दिव्याखाली उभे होते. म्हणून अंधारातली हलवाहलव त्या नाटुकल्यात नसलेल्यांनी करायची, आणि त्यांनी आधीची दोन-चार मिनिटं स्टेजच्या दिव्यांकडे न बघता विंगेत उभं राहायचं. बाहेर जाण्याच्या दाराचा हिरवा दिवा झाकायचा नाही. तो दिसतो, अंधार बिघडवतो, तरी नाही. सेटची दिशा बदला.

राख. खरी राख, चुलीची असो वा धुपाची, डोळ्यांत झोंबते. टाल्कम पावडर उजेडात सुंदर उडते आणि लाकडावर बर्फासारखी घसरते, शिवाय पहिल्या रांगेच्या नाकात जाते. थर्माकोलचे मणी कपड्यांना, केसांना चिकटतात आणि पुढच्या प्रयोगातल्या लग्नाच्या सीनमध्येही सापडतात. चालतो तो करड्या रंगाचा टिश्यू पेपर, पदर सुटे करून, सेंटिमीटरभर तुकडे हाताने फाडलेले. कात्रीने कापलेले चौकोन सरळ पडतात. फाडलेले गिरक्या घेतात. आठ फूट लांब, दोन फूट रुंद जाड कापडाची झोळी करायची, तिच्या एका बाजूला दीड-दीड सेंटिमीटरच्या चिरा, दोन्ही टोकं दिव्यांच्या बारला. झोळीला दोरी बांधून विंगेतून हलके झटके दिले की राख पडते. जोरात ओढली की गठ्ठा पडतो आणि हशा येतो. झोळी तापणाऱ्या दिव्यापासून किमान तीन फूट लांब, शक्यतो फक्त एलईडी असलेल्या बारवर. आणि खाली काळी चादर, दहा बाय बारा फूट, आधीपासून अंथरलेली. नाटुकलं संपलं की चार कोपरे गोळा करून सगळं ओझं पंधरा सेकंदांत विंगेत. नटांच्या पायाला लागलेली राख मात्र बाहेर येतेच, म्हणून हे नाटुकलं पाचवं.

धुराचं यंत्र तापायला पाच-सात मिनिटं लागतात आणि सोडताना ते फुस्स करतं, त्यामुळे शांततेत सोडू नये; आवाजाच्या क्यूखाली (क्यू म्हणजे ठरलेला इशारा) दोन-तीन सेकंदांचा फवारा पुरे. व्यवस्थापकाला आधी सांगा, नाहीतर धूरशोधक वाजेल. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) बंद छोट्या जागेत नकोच. त्याचा वायू जड असतो, खाली साचतो, आणि आपल्याकडे पहिली रांग गादीवर बसलेली असते.

स्फोट दाखवायचा असेल तर बहुतेक जण प्रकाश आणि आवाज एकाच क्यूवर देतात. चूक. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला तीन सेकंद. सहा किलोमीटरवर काही झालं तर उजेड आत्ता आणि धमाका अठरा सेकंदांनी. रंगमंचावर अठरा सेकंद म्हणजे युग. एक बाई परातीत कणीक मळते आहे. प्रेक्षकांच्या मागून पांढरा झोत, दोनच सेकंद, तिची सावली मागच्या भिंतीवर. तिचे हात थांबतात. ती खिडकीकडे बघते, मग कणकेकडे, बोटांना चिकटलेलं पीठ सोडवते, पाण्याचा हबका मारते, पुन्हा मळायला लागते. बारा, तेरा, चौदा. प्रेक्षकांना कळलेलं असतं, तिला नाही. इथे पार्श्वसंगीत टाकणाऱ्याला तालमीतून घरी पाठवावं. या झोतासाठी एलईडीच हवा, तो झटक्यात येतो. हजाराचा पार तापायला क्षणभर घेतो आणि झोताचा फुगा होतो. स्ट्रोब वापरू नये. लुकलुकत्या झोताने काहींना आकडी येऊ शकते.

धमाक्यासाठी लॅपटॉपवरची तीस हर्ट्झची गडगड छोट्या आठ इंची स्पीकरमधून ऐकूच येत नाही. हेडफोनवर तालीम केलेल्यांना हे प्रयोगाच्या दिवशी कळतं. पंधरा इंची सबवूफर भाड्याने घ्या आणि प्रेक्षकांच्या लाकडी लेव्हलखाली ठेवा, खुर्च्या थरथरतात. पैसे नसतील तर ढोल आडवा ठेवून पानावर कापड गुंडाळलेली काठी, मऊ आणि सलग. बऱ्याच रेकॉर्डिंगपेक्षा तो जास्त पोटात जातो.

आवाज बंद करणं हा त्याहून मोठा परिणाम, पण त्याची तयारी लागते. पंख्याची किंवा फ्रिजची घरघर नाटुकल्याच्या पहिल्या सेकंदापासून चालू ठेवायची, तीन-चार मिनिटांत प्रेक्षक ती विसरतात, मग कापायची. नाट्यगृहाचा एसी चालू असेल तर काहीच फरक पडत नाही, म्हणून एसी दोन मिनिटं आधी बंद करणारा माणूस क्यू शीटवर नावानिशी हवा. ऐंशी माणसांत दहा मिनिटांनी उकडायला लागतं, तेव्हा तो परत चालू करायचंही त्याच्याच नावावर.

हवाई हल्ल्याचा भोंगा नको. मे २०२५मध्ये केंद्राने माध्यमांना त्यांच्या कार्यक्रमांत तो न वाजवण्याची सूचना दिली होती. ती नाटकांना उद्देशून नव्हती, पण रस्त्यालगतच्या हॉलमधून तो आवाज बाहेर गेला तर शेजारच्या इमारतीतले लोक काय समजतील? तिकीट लावणार असाल तर सहाही संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकांच्या सेन्सॉरकडे) वेळेत द्या. सहा लेखक असले की एकाची प्रत नेहमी उशिरा येते.

शेवटचं नाटुकलं पाण्याचं. घमेल्यातलं पाणी एका बादलीपेक्षा जास्त नको, खाली प्लास्टिक आणि त्यावर जुनं सतरंजीसारखं जाड कापड, आणि आसपास जमिनीवर एकही वायर नाही. त्यानंतर नमस्काराचा प्रश्न येतो. सगळे मेल्यावर हसतमुख रांगेत उभं राहणं विचित्र दिसतं. त्यापेक्षा कामाचे पांढरे दिवे लावावेत आणि नटांनी फडकी घेऊन जमीन पुसायला लागावं. टाळ्या सुरू झाल्या की एकेकाने मान वर करायची, नमस्कार करायचा आणि परत पुसायला बसायचं. नऊला हॉल रिकामा करून द्यायचा असतोच.