उरेब, काष्टा आणि फॅशनचे पुरस्कार

फॅशनच्या जगातील पुरस्कारांचे वेळापत्रक नौपाड्यातील माझ्या शिवणवर्गाच्या मुलींना माझ्यापेक्षा अधिक चांगले पाठ असते. न्यूयॉर्कचे सीएफडीए पुरस्कार झाले किंवा लंडनचा फॅशन अवॉर्ड्सचा सोहळा पार पडला, की दुसऱ्या दिवशी मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडायच्या जागेचा, आकार काढायचा सोडून सगळ्या जणी मोबाइलवरची छायाचित्रे पाहत बसतात. त्यांच्यातील एखादी खारघरच्या निफ्ट या फॅशन शिक्षणसंस्थेच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करत असते आणि तिला पडणारा प्रश्न ठरलेला असतो: अमुक डिझायनरला इतके पुरस्कार मिळाले, मग त्याला दिग्गज म्हणायचे का? वर्गात या प्रश्नाला पुरेसा वेळ देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगते. पुरस्कार एका हंगामातल्या कामाला मिळतो, आणि तो देणाऱ्याचाही त्यात काही हेतू असतो. डिझायनरचे नाव पिढ्यान्‌पिढ्या टिकते ते मात्र त्याने कापड बेतण्याची एखादी अशी रीत शोधली असेल, जी दुसऱ्यांच्या हातांना शिकता येते आणि जी कालांतराने त्याचे नावही न ऐकलेल्या शिंप्यांच्या कात्रीत उतरते. हे दोन हिशेब कधी एकाच माणसाच्या खात्यावर जमा होतात, पण बऱ्याचदा होत नाहीत.

पुरस्कार देणाऱ्यांच्या हेतूबद्दल बोलते, तेव्हा त्यात तक्रारीचा सूर नाही. या पुरस्कारांचा इतिहासच व्यापारातून सुरू होतो. अमेरिकेतील नीमन मार्कस पुरस्कार 1938 साली सुरू झाला, तो डॅलसमधील एका मोठ्या दुकानाने सुरू केला होता. 1943 साली कोटी पुरस्कार आला, त्यामागे कोटी ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी होती आणि कल्पना होती एलिनॉर लॅम्बर्ट या प्रसिद्धीचे काम करणाऱ्या बाईंची. त्या वेळी पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होते, तिथून नव्या कपड्यांची खबर येणे थांबले होते, आणि आपल्या देशातही डिझायनर आहेत हे अमेरिकी ग्राहकाला पटवून देण्याची ती योग्य वेळ होती. पुढे याच लॅम्बर्टबाईंनी 1962 मध्ये सीएफडीए ही अमेरिकी डिझायनरांची संस्था उभी केली. युरोपात लोकर उत्पादकांच्या पैशावर चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय लोकर सचिवालयाने अशीच स्पर्धा भरवली आणि 1954 साली तिच्यात दोन तरुण पहिले आले: कोटाच्या विभागात कार्ल लागरफेल्ड आणि पोशाखाच्या विभागात इव्ह सां लोराँ. स्पर्धेचा उद्देश लोकर खपवणे हा होता, पण त्या निमित्ताने पुढच्या अर्धशतकाची फॅशन घडवणारी दोन माणसे एकाच वर्षी सापडली. लागरफेल्ड यांना बाल्मँ यांच्याकडे काम मिळाले, सां लोराँ दिओर यांच्याकडे गेले, आणि 1957 मध्ये दिओर यांचे निधन झाल्यावर वयाच्या एकविसाव्या वर्षी त्या संपूर्ण फॅशन घराण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली.

लोकरीच्या याच परंपरेतील आंतरराष्ट्रीय वूलमार्क पारितोषिक 2014 साली आपल्या राहुल मिश्रा यांना मिळाले. ते मिळवणारे ते पहिले भारतीय डिझायनर, आणि 2020 च्या जानेवारीत पॅरिसच्या ओत कुत्यूर, म्हणजे मापावर हाताने शिवलेल्या उंची कपड्यांच्या, सप्ताहात संग्रह सादर करणारे पहिले भारतीयही तेच. (ठाणेकरांना लोकरीचे अप्रूप वाटायला नको. ज्या शहरात स्वेटर कपाटाबाहेर काढण्याचा प्रसंग विरळा, त्याच शहरात 1925 पासून लोकरीची गिरणी होती. रेमंडच्या त्या जागेवर आता निवासी मनोरे उभे राहिले आहेत.) सुरुवातीच्या काळात मिळालेला पुरस्कार दार उघडून देतो, भांडवल देतो, अनुभवी माणसांचा सल्ला मिळवून देतो, आणि ज्या मुलामुलींच्या घरी या धंद्यातले कोणी नाही त्यांच्यासाठी तर तो फार मोठा आधार असतो. एलव्हीएमएच या फ्रेंच चैनीच्या वस्तूंच्या कंपनीच्या पारितोषिकासाठी चाळीस वर्षांखालीलच डिझायनर पात्र ठरतात आणि विजेत्याला पैशांबरोबर वर्षभराचे मार्गदर्शनही मिळते. मला ही रचना शहाणपणाची वाटते. कारकिर्दीच्या शेवटी दिल्या जाणाऱ्या जीवनगौरवापेक्षा ती कितीतरी अधिक उपयोगी आहे.

परंतु परीक्षकांना पोशाख दिसतो तो बाहेरून, उजेडात आणि चालत्या अंगावर. तो उलटा करून पाहिल्याशिवाय जे कळत नाही, त्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे मादलेन व्हियोने. 1876 मध्ये जन्मलेल्या या फ्रेंच बाईंनी 1912 साली स्वतःचे घराणे काढले, पहिल्या महायुद्धात ते बंद ठेवावे लागले, नंतर पुन्हा उभे केले आणि 1939 साली कायमचे बंद केले. कापड उभ्या-आडव्या धाग्यावर धरले तर ते ताठ राहते, पण तेच पंचेचाळीस अंशांवर तिरके धरले, म्हणजे आपल्या भाषेत उरेब धरले, तर ते ताणले जाते आणि अंगावर सैलसर वळते. हे ज्ञान कोणत्याही शिंप्याला होतेच, कारण गळ्याची पट्टी आणि पायपिंग उरेबच कापावे लागते. व्हियोने यांनी पट्टीसाठी वापरली जाणारी ही युक्ती संपूर्ण पोशाखाला लावली. त्यासाठी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त पन्ह्याचे, म्हणजे रुंदीचे, कापड विणून घेतले, कागदावर चित्र काढण्याऐवजी लहान लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून आकार शोधले, आणि टक्स किंवा आतल्या कडक पट्ट्या यांच्याशिवाय केवळ कापडाच्या वजनावर पोशाख बसवून दाखवला. नकला होऊ नयेत म्हणून त्या आपल्या कपड्यांच्या लेबलवर अंगठ्याचा ठसा उमटवत असत. नकला व्हायच्या त्या झाल्याच, आणि आज राम मारुती रोडवरच्या कोणत्याही दुकानात अंगावरून पाण्यासारखा ओघळणारा सॅटिनचा गाऊन दिसला, तर त्याच्या कटिंगमध्ये त्यांचा वाटा असतो. व्हियोने 1975 पर्यंत हयात होत्या, पण फॅशनच्या पुरस्कारांच्या सध्याच्या झगमगाटाशी त्यांच्या कीर्तीचा काही संबंध नाही.

स्पॅनिश डिझायनर क्रिस्तोबाल बालेन्सियागा यांच्याबद्दलही हेच म्हणता येईल. बाही मुंढ्यात नीट बसली नाही तर तयार पोशाखाची बाही उसवून पुन्हा बसवण्याचे त्यांचे वेड प्रसिद्ध आहे. स्वतः आराखडा काढणारा, स्वतः कापणारा आणि स्वतः शिवू शकणारा तो दुर्मीळ डिझायनर होता, आणि तयार कपड्यांचे युग आले तेव्हा 1968 मध्ये त्याने सरळ दुकान बंद केले. उलट चार्ल्स जेम्स या डिझायनरांना कोटी पुरस्कार दोनदा मिळाला, त्यांचे बॉलगाऊन म्हणजे शिवणकामातले स्थापत्यच होते, तरी त्यांचे अखेरचे दिवस न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात कफल्लक अवस्थेत गेले. पुरस्काराने पोटाची सोय होतेच असे नाही, एवढे त्यांच्या उदाहरणावरून मुलींना सांगून मी पुढे जाते.

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे येते. भानू अथैय्या यांचे नाव निघाले की 1983 सालचे ऑस्कर हेच सगळ्यांना आठवते. कोल्हापुरात 1929 मध्ये राजोपाध्ये कुटुंबात जन्मलेल्या, जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकलेल्या या मराठी बाईला 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले आणि ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्या कामाची अवघड बाजू फारशी सांगितली जात नाही. 1893 मधील सूटबूट घातलेल्या बॅरिस्टरापासून 1948 मधील पंचाधारी महात्म्यापर्यंत एका माणसाचा पन्नासहून अधिक वर्षांचा बदल केवळ कपड्यातून, तोही मुख्यतः पांढऱ्या कपड्यातून, दाखवायचा होता. पांढऱ्यातल्या छटा, खादीची जाडी आणि धुऊन धुऊन आलेला मऊपणा यांवर सगळी भिस्त होती. तरीही या कामाला ऑस्कर मिळाले नसते तरी भानूताईंचे स्थान तेवढेच राहिले असते, असे माझे ठाम मत आहे.

त्याचे कारण ठाण्यातल्या ड्रेपरीवाल्यांकडे सापडते. शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले की पालक पौराणिक नृत्यासाठी जो पोशाख भाड्याने आणतात, कंचुकी, कमरेभोवती घट्ट बसणारे चापूनचोपून धोतर आणि एका बाजूने सोडलेला शेला, त्याला कित्येक ठिकाणी आजही 'आम्रपाली' म्हणतात. 1966 च्या 'आम्रपाली' चित्रपटासाठी भानूताईंनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास करून तो बेतला होता. 1968 च्या 'ब्रह्मचारी' मध्ये मुमताज यांनी नेसलेली केशरी साडीही त्यांचीच. ती नेसावी लागत नव्हती, आधीच शिवून ठेवलेली ती साडी अंगावर चढवायची होती आणि त्यामुळे नाचताना तिची एकही चुणी हलत नव्हती. तशी साडी आजही 'मुमताज स्टाइल' या नावाने शिवून मागितली जाते. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत वेशभूषेचा स्वतंत्र विभाग 1984 सालच्या चित्रपटांपासून सुरू झाला, म्हणजे ही कामे झाली तेव्हा त्यांना देण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारच अस्तित्वात नव्हता. नंतर 'लेकिन' आणि 'लगान' साठी तो त्यांना दोनदा मिळाला. ऑस्करची बाहुली त्यांनी सुरक्षित राहावी म्हणून 2012 मध्ये अकादमीकडे परत सोपवली, यावर तेव्हा हळहळ व्यक्त झाली होती. मला मात्र तो निर्णय अत्यंत व्यवहारी वाटला.

शिवलेल्या साडीचा विषय निघाला आहे तर नऊवारीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. गुढीपाडव्याला कौपिनेश्वराच्या परिसरातून निघणारी स्वागतयात्रा पाहिली तर फेटा बांधून दुचाकीवर स्वार झालेल्या कितीतरी स्त्रिया शिवलेल्या नऊवारीत असतात. ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी असे तिचे प्रकार जांभळी नाक्यावरच्या दुकानांत सर्रास मिळतात. हा कपडा बेतणे किती अवघड आहे याची कल्पना घालणाऱ्यांना नसते. नेसलेल्या नऊवारीत काष्टा मागे खोचला जातो आणि अंगाच्या हालचालीप्रमाणे कापड सरकते, सावरून घेते. शिवलेल्या नऊवारीत दोन्ही पायांचे भाग आसनाशी, म्हणजे पायांमधल्या बैठकीच्या भागाशी, जोडावे लागतात, पुढच्या निऱ्या आणि मागचा काष्टा कमरेच्या पट्टीत पक्के करावे लागतात, काठ दोन्ही पायांवर सारख्या उंचीवर यावा लागतो, आणि हे सगळे करून आसनाला एवढी ढिलाई ठेवावी लागते की स्कूटरवर बसताना शिवण उसवू नये. साडी न कापता अंगाभोवती गुंडाळायची ही आपली जुनी परंपरा, तिच्यात कात्री घालूनही तिचे रूप तसेच राखणे हा मोठा विचार आहे. त्याच्यावर कोणा एका डिझायनरचे नाव नाही. अनेक शिंप्यांनी आणि घरी शिवण करणाऱ्या बायकांनी तो थोडाथोडा सुधारत नेला. माझ्या लेखी गेल्या काही दशकांतील मराठी पोशाखातले ते सर्वांत यशस्वी डिझाइन आहे.

यावर वर्गातील एका हुशार मुलीने हरकत घेतली होती आणि ती योग्यच होती. तिचे म्हणणे असे, की रस्त्यावर उतरणे हीच कसोटी लावायची तर रेई कावाकुबो या जपानी डिझायनरबाईंचे काय करायचे? 1997 सालच्या संग्रहात त्यांनी पाठीवर, खांद्यावर आणि नितंबांवर गाद्यांचे उंचवटे शिवलेले कपडे दाखवले, आणि ते कपडे घालून ठाण्याच्या लोकलमध्ये कोणी चढेल अशी शक्यता नाही. तरीही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2017 मध्ये त्यांच्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. हयात डिझायनरला असा मान 1983 च्या सां लोराँ यांच्या प्रदर्शनानंतर प्रथमच मिळाला होता. कावाकुबो यांनी शिवणकामाचे शिक्षण घेतलेले नाही. त्यांनी एकदा आपल्या पॅटर्न (कापड बेतण्याचा कागदी नमुना) कापणाऱ्यांपुढे चुरगळलेला कागद ठेवून असा पॅटर्न हवा असे सांगितल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. मी स्वतः रबाळ्याच्या एका कारखान्यात पॅटर्न कापत होते, त्यामुळे अशी सूचना मिळाल्यावर टेबलामागच्या माणसाची काय अवस्था होत असेल हे मी समजू शकते. आम्हाला तर बटणाचे अंतरसुद्धा मिलिमीटरमध्ये लिहून मिळत असे.

म्हणून कावाकुबो यांच्या बाबतीत कसोटी थोडी बदलून पाहावी लागते. त्यांची रीत ग्राहकांपर्यंत पोहोचण्याआधी पॅटर्न कापणाऱ्यांच्या त्या टेबलापर्यंत पोहोचली. जुन्या वातानाबे ('जुन्या' हे त्यांचे नावच) 1984 साली त्यांच्याकडे पॅटर्न कापण्याच्या कामाला लागले आणि 1992 पासून त्याच कंपनीत स्वतःच्या नावाने संग्रह करू लागले. केई निनोमिया हेही आधी तिथे पॅटर्नच कापत होते आणि 2012 मध्ये त्यांनाही स्वतंत्र विभाग मिळाला. कंपनीचे नाव, पैसा आणि दुकान वापरू देऊन कात्री धरणाऱ्यालाच डिझायनर करणारी दुसरी इतकी मोठी व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही. निफ्टला जाऊ पाहणाऱ्या मुलीला हे उत्तर अर्धेच पटले. उंचवटे असलेला तो पोशाख मलमलीत बेतून पाहायचा आणि मगच मत बनवायचे, असे तिने ठरवले आहे, आणि त्यासाठी लागणारा कापूस व पन्ह्याचा अंदाज आम्ही सध्या काढत आहोत.